चिलमीचा घाट, धुराची वाट

आमच्या पलसाण्यात मराठी शोधावी लागत नाही. सुरतेच्या कापडधंद्याने खानदेशातून जी माणसे ओढून आणली, त्यांत आमचे आजोबाही होते. ताप्ती लाइनने येऊन ते चलथाणला उतरले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन धोतरे, एक पितळी तांब्या आणि एक मातीची चिलीम होती. आजोबा गेले, चिलीम राहिली. मागल्या दिवाळीत घर आवरताना ती हाती आली आणि त्याच आठवड्यात एका स्नेह्यांनी परदेशी कारागिरांच्या पाइपांची छायाचित्रे दाखवली. दोन्ही शेजारी ठेवून पाहताना प्रश्न पडला : ओढायच्या वस्तूचा घाट सुंदर आहे, असे आपण कशावरून म्हणतो?

त्या छायाचित्रांतला एक पाइप डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच्या घाटाला ‘ब्लोफिश’ म्हणतात. अंग फुगवलेला मासा! हा घाट डेन्मार्कचे कारागीर लार्स इव्हार्सन यांच्या नावावर आहे. भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ धरते. ती गाठ म्हणजे ब्रायर. ती आडवी कापली की ठिपके उमटतात, उभी कापली की रेषा. या माशाच्या दोन्ही कुशींवर ठिपके आहेत आणि त्यांच्यामधल्या कडेवरून रेषा धावतात. लाकडात जे दडलेले होते तेच कारागिराने वर आणले आहे.

खानदेशातल्याच फैजपुरात जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम सांगितले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) हे त्यांचे पुस्तक हाताशी घेऊन हा पाइप पाहावा. कुशीच्या गोलाईला ठिपक्यांची गोलाई साथ देते, हा संवाद. जड पोट आणि बारीक दांडी, हा विरोध. एक कूस थोडी मोठी असूनही वस्तू कलंडल्यासारखी वाटत नाही, हा समतोल. तिन्ही नियम इथे चोख लागू पडतात. तरीही हिशोब पुरा होत नाही. हे सारे डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराविषयी झाले. पाइपाचा प्राण असतो आतल्या पोकळीत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

त्या पोकळीचाही एक इतिहास आहे. आधी भोके पाडायची आणि मग त्यांच्याभोवती बाहेरचा आकार उतरवायचा, ही कारखान्यांची रीत. लार्स यांचे वडील सिक्स्टेन इव्हार्सन मूळचे स्वीडनचे. त्यांनी कोपनहेगनात ती रीत उलटवली. आधी आकार, मग भोक. त्यामुळे हात मोकळा झाला आणि मासे, फुले, शिंपले असे नाना घाट शक्य झाले. पण जोखीमही वाढली. आकार मनाजोगता साधला आणि धुराची वाट चुकली, तर हाती उरते ती शोभेची वस्तू. अशा पाइपाची परीक्षा म्हणूनच दुहेरी असते.

आता आजोबांची चिलीम पाहा. वर रुंद, खाली निमुळती, वीतभरही नाही. आत तंबाखू अडवायला खडा, खाली ओली छापी गुंडाळायची. तिच्यात आधी काय आणि मग काय, हा प्रश्नच उद्भवत नाही. ओल्या मातीला कुंभाराचा हात लागतो तेव्हा पोकळी आणि भिंत एकदमच जन्माला येतात. बाहेरचा उतार म्हणजे आतल्या वाटेचीच सावली. डॅनिश कारागिराला जो मेळ घालावा लागतो, तो मातीला फुकट मिळालेला आहे. या एका बाबतीत मी चिलमीला उजवे माप देतो. ब्लोफिश थक्क करतो, चिलीम पटते.

हे दोन पक्ष आजचे नव्हेत. १६०४च्या सुमारास असद बेग विजापुराहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारी गेला. त्याने नेलेली नळी तीन हात लांब होती. टोकांना रत्ने आणि मिना, ओठांशी येमेनचा अकीक, निखाऱ्यासाठी सोन्याचे पात्र. पुढे १६१६ साली एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला. त्याने या देशातल्या लोकांची जी रीत लिहून ठेवली ती साध्या मातीच्या भांड्याची होती : पोटात पाणी, वर तंबाखू आणि निखारा, तोटीला पोकळ बोरू. एक रत्नजडित, एक मातीचे. धुराला दोन्ही सारखीच.

अकबराने असद बेगाच्या नळीचे चार झुरके घेतले, तेव्हा हकिमाने हरकत घेतली होती. १६१७ साली जहांगिराने तंबाखूला बंदीच केली. नळीच्या नक्षीला न भुललेला तो हकीम मला या विषयातला पहिला खरा समीक्षक वाटतो.

इथे माझाच पाय अडखळतो. आजोबांच्या शेवटच्या दोन वर्षांत घरात रात्रभर खोकल्याचा आवाज असे. ज्या वाटेची मी वर स्तुती केली, त्याच वाटेने तो खोकला आला. कलेचा आनंद लौकिक व्यवहारापासून तोडता येतो का, या वादाच्या दोन्ही बाजू रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात तोलून पाहिल्या. चिलीम हाती घेतली की तो वाद पुस्तकातला राहत नाही. घाट आणि धूर वेगळे करा, असे म्हणणे सोपे आहे. पण मी तर घाटाची थोरवीच अशी सांगितली की तो धुरापासून वेगळा करता येत नाही! मग स्तुती मान्य करायची आणि खोकला खाली ठेवायचा, हे कसे चालेल? तंबाखूने फुप्फुसाचा आणि तोंडाचा कर्करोग होतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. जी वस्तू आपल्या कामात इतकी अचूक उतरली, तिचे कामच घातक होते, एवढे समीक्षकाने स्पष्ट लिहावे. त्याने घाटाला उणेपणा येत नाही, आणि घाटाच्या नावाखाली धूरही निर्दोष ठरत नाही.

राहता राहिली सहीची गोष्ट. ब्लोफिशला इव्हार्सन हे नाव आहे, म्हणून त्याच्यावर लिहिले जाते, त्याला किंमत येते. चिलमीच्या कुंभाराचे नाव आजोबांनाही माहीत नव्हते. आपली समीक्षा नाव पाहून कलाकृती ओळखायला शिकली. हात पाहून ओळखायला शिकली नाही. ‘हस्तकला’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो.

चिलीम आता माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. पाहुणे उचलून पाहतात, हातात कशी बसते म्हणतात. आतली काजळी मात्र मी धुतलेली नाही. बाहेरचा घाट कुंभाराचा, आतली काजळी आजोबांची. पाहायची तर दोन्ही पाहावीत.