वेणीवरचा नाग आणि केतक

अलंकार या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एक सराफकट्ट्यावर, दुसरे साहित्यशास्त्रात. ही दोन्ही एकाच वाड्यातली, याची खूण पटवणारा दागिना म्हणून आम्ही वेणीवरच्या जुन्या सोन्याच्या साजाकडे पाहतो. मूद, राखडी, केतक, गुलाबफूल, नाग आणि शेवटी गोंडे. घराघराप्रमाणे त्यांचा क्रम थोडा बदले, पण क्रम असे, हे महत्त्वाचे.

आपल्याकडचे दागिन्यांविषयीचे लेखन बहुधा याद्यांचे असते. नाव, वजन, घडण सांगितली की लेखकाचे काम संपते. हा नाग त्या केतकाशेजारी का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. संस्कृत कवींनी स्त्रीच्या वेणीला सर्पाची उपमा दिली. सोनाराने वेणीवर खराच फणा बसवला आणि उपमेचे रूपक झाले. केवड्याच्या बनात सुगंधाला भुलून नाग राहतात, ही समजूत तर आपल्या सर्वांच्या कानावरची. म्हणजे केतक लावताच केसांचे बन झाले आणि नागाला घर मिळाले. आणखीही एक गंमत आहे. खोट्या साक्षीमुळे केतकी शिवपूजेला वर्ज्य ठरली. नाग मात्र शिवाच्या गळ्यात राहिला. देवळात ज्यांची अशी ताटातूट झाली, ते दोघे वेणीवर पुन्हा एकत्र येतात.

जपानी स्त्रियांच्या केशभूषेतील कंझाशी याच जातीची. रेशमाचे चिमुकले चौकोन दुमडून तिच्या पाकळ्या होतात. क्रौंच आणि कासव दीर्घायुष्य सुचवतात. थंडीत फुलणारा प्लम धीर सुचवतो. क्योटोच्या शिकाऊ नर्तकी आजही महिन्यागणिक फूल बदलतात. एप्रिलमध्ये चेरी, मे महिन्यात विस्टेरिया. तिथे दागिना टिकला, कारण तो घालण्याचा प्रसंग टिकला. दक्षिणेतही वेणीचा असा साज भरतनाट्यमच्या रंगमंचाने जगवला. आपल्याकडे लांब केस गेले, प्रसंग गेले. उरली ती दोहाळजेवणातील फुलांची वाडी.

आपल्या भागात हा साज दोन भाषांत वाचला गेला. केतकीला कन्नडात केदगे म्हणतात, वेणीला जडे. शेजारच्या घरी नवरीची मोग्गिन जडे गुंफली जाई, तेव्हा कळ्या निवडायला आपल्याही लेकीबाळी बसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्या दिवसाचे दुःख आपण विसरलेलो नाही. पण वेणीवर सीमारेषा कुणाला ओढता आली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

बेळगावच्या इंदिरा संतांनी ‘मालनगाथे’त अनाम बायकांच्या ओव्यांचे काव्यपण उलगडून दाखवले. अनाम सोनारांच्या रचनेला असा रसिक वाचक अजून लाभायचा आहे. तोवर तिचे मोल तराजूच ठरवणार. आमच्या निपाणीच्या घरी आजीच्या डब्यात नाग आणि केतक दोन्ही होते. एका लग्नाच्या वेळी केतक मोडीत गेले. पातळ पत्र्याचे ते. घट वजा जाता त्यातून जेमतेम एक अंगठी निघाली. व्यवहार चोख होता, कुणी फसवले नाही. फसलो ते आम्हीच. सोने विकतो आहोत असे समजून आम्ही अर्थ विकला. नाग राहिला आहे, पण केतकावाचून तो आता केवळ सोन्याचा साप दिसतो.

हा दागिना घालणारीला स्वतःला कधी दिसत नसे. तो मागून येणाऱ्यांसाठी होता. मागून येणारे आता आपण आहोत. ज्यांच्या डब्यांत जोड अजून शाबूत असेल, त्यांनी तो मोडण्यापूर्वी एकदा तरी घरातल्या लेकीच्या वेणीवर क्रमाने लावून पाहावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून प्रत्येक नगाचे नाव विचारून लिहून ठेवावे.