जळगावात ‘खान्देशी’ पाटी कशासाठी?



‘विषय’ आणि ‘संशोधनाचा प्रश्न’ यांत नेमका फरक काय, हे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. पेट पास झालात, विषय डोक्यात आहे, पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाडी अडते. माझीही अडली होती. माझ्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं ‘खान्देशी खाद्यसंस्कृतीचा अभ्यास’. गाइडनी तो वाचला, पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “जळगावातल्या हॉटेलावर ‘खान्देशी’ असं लिहावं का लागतं?”

मी गप्प. कारण उत्तर नव्हतं. तोपर्यंत तो प्रश्नच मला पडला नव्हता.

तुम्हीही जरा विचार करा. पुण्यात ‘अस्सल खान्देशी’ अशी पाटी दिसली तर कळतं. शिक्षणाला, नोकरीला गेलेली आपली माणसं तिथं आहेत, त्यांना घरची चव हवी असते. पण जळगाव स्टेशनवरून बाहेर पडून नेहरू चौक, टॉवर चौक करत गोलाणी मार्केटकडे चालत जा, किंवा धुळ्यात आग्रा रोडवरून पाच कंदीलकडे या. इथं कोणाला सांगायचंय की हे खान्देशी आहे? आपल्या घरात कोणी म्हणतं का, “आज खान्देशी भाजी केलीय”? भाजी ती भाजीच. विशेषण लागतं ते बाहेरचं कोणी बघत असेल तेव्हा.

शिवाय ‘खान्देश’ नावाचा जिल्हा आज कुठल्याच नकाशावर नाही. १९०६ साली इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं झाली आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे सरकारी कागदावरून गेलेलं नाव आता बोलण्यात आणि हॉटेलच्या पाटीवर राहतं. मग त्या पाटीखाली वाढलं जाणारं ताट म्हणजे नक्की काय, हे तपासायला नको?

तर आपण ताटच घेऊ. ‘खान्देशी थाळी’ म्हणून जे समोर येतं त्यात साधारण शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी किंवा नुसती बट्टी, ठेचा, भाकरी आणि पापड. दिसायला झकास. आता एकेक वाटी वेगळी करून बघू.

पहिली शेवभाजी. माझ्या मते या ताटातला सगळ्यांत प्रामाणिक पदार्थ हाच. कारण तो हॉटेलच्या चुलीला शोभतो. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं घालून वाटायचं, काळा मसाला टाकून रस्सा उकळायचा आणि वाढताना वरून जाड, तिखट शेव सोडायची. शेव कोरडी असते, दिवसचे दिवस टिकते. भाजी निवडा, चिरा, शिजवा असली कटकट नाही. गिऱ्हाईक रात्री अकराला आलं तरी पाच मिनिटांत प्लेट तयार. आणि गंमत अशी की त्याच रस्स्यात पातोड्या सोडल्या की पातोडीची भाजी, उकडलेली अंडी सोडली की अंडाकरी, पनीर सोडलं की ‘पनीर खान्देशी’. एक पातेलं आणि अर्धं मेनूकार्ड! जळगाव ते धुळे हा सगळा हमरस्त्याचा पट्टा, एरंडोल-पारोळ्यावरून ट्रक रात्रभर धावतात. अशा रस्त्यावर हा पदार्थ राजा झाला तर नवल नाही. धुळ्याच्या माझ्या मावशीपुढे पार्सलचा डबा उघडला की ती अजूनही म्हणते, “हाई ते हाटेलनी भाजी शे.” तक्रार नसते तिची, चाटूनपुसून खाते. ती फक्त वर्गवारी सांगते. मला मात्र ती वर्गवारी ऐकू यायला दीड वर्ष लागलं.

दुसरी वाटी भरिताची. इथं माझी तक्रार आहे. भरीत हा मुळात हिवाळ्यातला आणि शेतातला पदार्थ. मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. टमाटा नाही, गरम मसाला नाही. काड्यांच्या धुराचा वास हाच त्याचा मसाला. थंडीत जळगावात भरीत सेंटरवर किलोवर मिळणारं भरीत या परंपरेला धरून असतं, ते जरूर खा. पण मे महिन्यात एसी हॉलमध्ये, गॅसवर भाजलेल्या जांभळ्या वांग्याचं, टमाटा घालून परतलेलं जे येतं ते पंजाबी भरत्याचं चुलत भावंड आहे. वाईट नाही, पण पाटीवरचं नाव त्याला पेलत नाही. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लक्षात घ्या, मानांकन वांग्याला आहे. काड्यांना, बडगीला आणि डिसेंबरच्या थंडीला ते नाही.

तिसरी बट्टी. ही पंगतीची. लग्नाला, भंडाऱ्याला, शेकडो माणसांसाठी. जाडसर दळलेल्या पिठाचे गोळे शिजवायचे, कापायचे, तळायचे, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टी चुरून त्यावर वरण ओतायचं आणि वाढपी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. हॉटेलात बट्टीचे चार तुकडे मोजून वाटीत येतात. मोजलेली बट्टी ही पंगतीची बट्टी राहत नाही. चव तीच असेलही, पण आग्रह गेला.

चौथी भाकरी. घरात ती दादर ज्वारीची किंवा बाजरीची, आणि खास म्हणजे कळण्याची. ज्वारी किंवा बाजरीत अख्खे काळे उडीद घालून दळलेलं पीठ. कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. हे रोजचं, घरचं, बहुतेक वेळा बाईच्या हातचं. हॉटेलात भाकरीची ऑर्डर दिली की आधी विचारतात, “रोटी चालेल का?” कारण भाकरीला प्रत्येक वेळी दोन हात लागतात. तंदूरमध्ये एका वेळी दहा रोट्या चिकटतात.

आता बघा, काय झालं. एका ताटात चार वेगवेगळ्या चुली आल्या: हॉटेलची, शेतातली, पंगतीची आणि घरची. हे चार पदार्थ एका वेळी एका पानात आपल्या आजीने कधी वाढले नाहीत. शेतात भरीत असेल तर पंगतीची बट्टी तिथं कशाला येईल? म्हणजे ‘खान्देशी थाळी’ ही जुनी परंपरा हॉटेलात आलेली नाही. हॉटेलने जुन्या तुकड्यांतून तयार केलेली ती नवी वस्तू आहे. माझ्या मसुद्यातली चूक हीच होती. मी मेनूकार्डं गोळा करून त्यांनाच खाद्यसंस्कृती समजत होते.

इथं सिद्धांत उपयोगी पडतो. अर्जुन अप्पादुराई यांचा १९८८ सालचा एक गाजलेला लेख आहे, भारतातल्या इंग्रजी पाककृती-पुस्तकांवर. शहरी मध्यमवर्गीय बायका एकमेकींसाठी पुस्तकं लिहितात, त्यातून ‘बंगाली’, ‘गुजराती’ अशी प्रांतांची स्वयंपाकघरं ठरत जातात आणि त्याच वेळी ‘भारतीय’ जेवणही आकार घेतं, असं त्यांचं म्हणणं. प्रांताची ओळख बाहेरच्याला समजेल अशी सोपी होते, आणि सोपं करताना काहीजण गळतात. आपल्या थाळीला हे चपखल बसतं.

पण थांबा. इथंच बहुतेक सिनॉप्सिस फसतात. सिद्धांत बसला म्हणून काम संपत नाही, तो कुठं बसत नाही तेही लिहायचं असतं. अप्पादुराईंचा पुरावा पुस्तकं आहेत, आपला मेनूकार्ड. पुस्तकात पदार्थ जायला लिहिता येणारी बाई लागते. मेनूकार्डावर पदार्थ जायला तो वर्षभर, झटपट आणि फायद्यात करता यावा लागतो. पुस्तकात मांडे सहज छापून येतील. मेनूवर येणं अवघड, कारण पुरणाचा मांडा हातावर मोठा करत नेऊन तापलेल्या खापरावर टाकणं हे वर्षांच्या सरावाचं काम. ते करणाऱ्या बाया आखाजीला, सणावाराला घरगुती ऑर्डरी घेतात. त्यांची पाटी नसते, मेनूकार्ड नसतं. मेनूकार्ड हाच तुमचा पुरावा असेल तर त्या तुमच्या प्रबंधातही नसतील.

आणि आणखी कोण नाही? चोपडा, यावल, रावेर, शिरपूर हे तालुके सातपुड्याला टेकलेले. तिथले भिल्ल, पावरा खान्देशी नाहीत काय? पण मोहाची फुलं किंवा डोंगरातली भरडधान्यं मी पाहिलेल्या एकाही ‘खान्देशी’ मेनूवर नव्हती. दलितांच्या घरातलं जेवण नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकातून मराठवाड्याच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला. आपल्याकडे तो विचारायला तुमच्यापैकी कोणीतरी बसायला हवं. आणि केळी? ज्या जिल्ह्याच्या केळीला मानांकन आहे, तिथल्या थाळीत केळीचा एकही पदार्थ नाही. ती ट्रकने बाहेर जाते. पिकतं ते आणि मेनूवर येतं ते, यांत असं अंतर पडतं.

“मग काय, हॉटेलात जाऊच नये का?” असं एका ज्युनियरने वैतागून विचारलं. अरे, जा ना! मीही जाते. शेवभाजी खाताना डोळ्यातून पाणी येतं, तरी दुसरी वाटी मागवते. हॉटेलवाल्याने कोणाला फसवलेलं नाही, त्याला धंदा करायचाय आणि तो चोख करतोय. फसले ते आपण, कारण धंद्याचा कागद आपण संस्कृतीचा दाखला म्हणून वाचला.

आता तुमच्या कामाचं. गाइडच्या त्या एका वाक्यानंतर माझं शीर्षक बदललं. ‘खान्देशी खाद्यसंस्कृती’ गेली आणि त्या जागी ‘जळगाव व धुळे शहरांतील उपाहारगृहांमध्ये “खान्देशी” या ओळखीची घडण’ आलं. लांबलचक आहे, मान्य. पण यात काय तपासायचं ते कळतं: पाटी कधी लागली, ती स्टेशन-हायवेजवळ जास्त आहे की गल्लीत, कोणते पदार्थ आले, कोणते गळले, का गळले. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, दुकानांचे जुने फोटो, आचाऱ्यांच्या आणि मांडे करणाऱ्या बायांच्या मुलाखती असा पुरावाही समोर दिसायला लागतो. माझं उत्तर चुकीचं ठरू शकतं, आणि चुकीचं ठरू शकेल असाच प्रश्न संशोधनाला लागतो.

फील्डवर्क एकाच मोसमात उरकू नका, एवढं मात्र सांगते. मी पहिल्यांदा एप्रिल-मेमध्ये फिरले आणि वहीत लिहून आले, ‘भरीत : दुय्यम पदार्थ’. डिसेंबरात परत गेले तेव्हा ते पान फाडावं लागलं.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या गावातलं कुठलंही एक मेनूकार्ड घ्या. प्रत्येक पदार्थापुढे लिहा: घर, शेत, पंगत की हॉटेल? मग ती यादी घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला वाचून दाखवा आणि ती कुठं कुठं हसते ते टिपून ठेवा. माझी मावशी ‘पनीर खान्देशी’ला हसली होती. माझ्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात तिथून झाली.