मार्पलबाईंचं उत्तर बरोबर, पण पुरावा?

आधीच सांगते, पुढे शेवट फोडलाय. कादंबरी वाचायची असेल तर वाचून या.

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) ही मिस मार्पलची पहिली कादंबरी. पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरोचा खून होतो. आपला फास्टर फेणे पुराव्यामागे धावत सुटतो. या आजीबाई शेजारच्या बागेत बसून खुनी ओळखतात. संशोधनाकडे वळणाऱ्यांना मी हे पुस्तक सुचवते, पण 'बारीक निरीक्षण करा' या धड्यासाठी नाही. तो धडा इथे अपुरा पडतो.

कसा ते बघा. कर्नलची बायको अ‍ॅन बागेवरून गेली तेव्हा तिच्याकडे पर्स नव्हती, म्हणजे पिस्तूल लपवायला जागा नव्हती. बाईंनी हे अचूक टिपलं. पण त्यांनी ते टिपावं हाच अ‍ॅन आणि तिचा प्रियकर लॉरेन्स रेडिंग यांचा डाव होता. पिस्तूल आधीच अभ्यासिकेत ठेवलेलं होतं. निरीक्षण खरं, पण बघणारीसाठीच मांडलेलं. फील्डवर मुलाखती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपण वही उघडून बसलोय हे समोरच्यालाही दिसत असतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. सगळ्या गोष्टींना जुळते तीच उपपत्ती खरी, असं बाई मानतात. कादंबरीत हे चालतं, कारण लेखिकेने उत्तर एकच ठेवलेलं असतं. पण पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहून बघा. खाली बेसॉल्ट, माथ्यावर जांभ्याचं सपाट कवच. एक उपपत्ती म्हणते, खालचाच खडक जागच्या जागी कुजून जांभा झाला; हा जुन्या विस्तीर्ण भूपृष्ठाचा उरलेला तुकडा. दुसरी क्लिफ ऑलियर आणि हेतू शेठ यांनी २००८ मध्ये दख्खनच्या अशा उंच माथ्यांबद्दल मांडली. लोह वाहत येऊन जुन्या दऱ्यांच्या तळाशी साठलं, घट्ट झालं. आजूबाजूचा मऊ भाग झिजला आणि दरीचा तळच माथा झाला. सपाट माथा दोन्हींना जुळतो! मग नुसत्या जुळण्याला किंमत किती? दोन्ही उपपत्ती जिथे वेगळं काही सांगतात, तिथेच निवाडा होणार. जांभ्याखाली बेसॉल्ट टप्प्याटप्प्याने कुजत गेलेला दिसतो का? वर साठलेलं लोह खालच्या खडकातून येण्याइतकंच आहे का?

गंमत म्हणजे बाईंनाही हे कळतं. सगळं जुळलं तरी कोर्टात टिकणार नाही, म्हणून त्या रेडिंगसाठी सापळा सुचवतात. तो निर्दोष असता तर सापळा रिकामा राहिला असता, म्हणजे बाई चुकल्या हे कळायची सोय त्यात होती. ख्रिस्ती हा भाग घाईत उरकते. माझ्या मते तोच पुस्तकाचा गाभा आहे.

प्रपोजल लिहिताना आपली उपपत्ती कशाकशाला जुळते याची यादी सगळेच करतात. तिच्याखाली एक ओळ लिहा : काय दिसलं तर मी चूक ठरेन? ती ओळ सुचत नसेल, तर गाइडकडे जायची घाई करू नका.