‘नीस’-पदान्त आडनांवें : एका व्युत्पत्तीचें परीक्षण

फडणीस, चिटणीस, पारसनीस, जमेनीस, वाकनीस इत्यादि आडनांवांतील ‘नीस’ हें उत्तरपद संस्कृत ‘ईश’ शब्दापासून निघालें, व म्हणून फडणीस म्हणजे फडाचा ईश, असें प्रतिपादन पुष्कळदां कानांवर येतें. प्रस्तुत लेखकानेंही माजिवडा येथें मुलांना संस्कृत शिकवितांना हेंच सांगितलें आहे; तेव्हां पुढील खंडन प्रथम स्वतःचेंच आहे.

पहिला आक्षेप असा कीं, फड व ईश ह्यांचा संधि ‘फडेश’ होईल. मधल्या णकाराची उपपत्ति लागत नाहीं. दुसरा आक्षेप याहून बलवत्तर आहे. फडणवीस व चिटणवीस हीं पूर्ण रूपें संक्षिप्त रूपांच्या शेजारीं आजही नांदत आहेत, आणि त्यांतील वकार ‘ईश’मधून येणें शक्य नाहीं. ‘नवीस’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लिहिणारा. चिठ्ठ्यापत्रें लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, जमेचा हिशेब ठेवणारा जमेनीस, घडलेल्या वृत्ताची नोंद करणारा वाकनीस. फडणीस शब्दाच्या पूर्वपदाविषयीं मात्र दोन पक्ष आहेत : एक फर्द म्हणजे हिशेबाचा कागद असें मानतो, दुसरा फड म्हणजे कचेरी. कोणताही स्वीकारला तरी उत्तरपद बदलत नाहीं.

हीं मुळांत हुद्द्यांचीं नांवें होत. नाना फडणीसांचें (१७४२–१८००) कुलनाम भानु. हुद्द्यानें तें झांकून टाकलें. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास वाकनिसास मंत्री, मुजुमदारास अमात्य अशा संस्कृत संज्ञा मिळाल्या, आणि राज्यव्यवहारकोशांत असे शेंकडों प्रतिशब्द ग्रथित झाले. तरीही वाकनीस व मुजुमदार हीं आडनांवें टिकलींच. दरबारचा शब्द आज्ञेनें पालटतो. घराण्याचा तसा पालटत नाहीं.

इंग्रजांतील क्लार्क हें आडनांवही परभाषेंतलेंच. लॅटिन ‘क्लेरिकुस’ म्हणजे धर्मसेवक. लिहितां येणारा पूर्वीं बहुधा तोच असे, म्हणून त्या शब्दास लेखनिक हा अर्थ आला. त्या आडनांवाच्या इंग्रजांस ह्यांत कमीपणा वाटत नाहीं. आपणांस तरी कां वाटावा?

संस्कृताभिमान्यांस समाधान हवेंच असेल, तर तें निराळ्या ठिकाणीं आहे. ‘नवीस’ हें प्राचीन इराणी ‘नि’ उपसर्ग व ‘पिश्’ धातु ह्यांपासून आलें. आणि कोरणें, घडविणें, सजविणें ह्या अर्थाचा संस्कृत ‘पिश्’ त्याचाच सहोदर होय. नातें आहे, पण तें भावंडांचें. भगिनीस माता ठरविल्यानें कुळाची प्रतिष्ठा वाढत नाहीं. वंशावळ मात्र खोटी होते.