नियंत्रण-क्रमांचा ‘पूर्ण आधार’ आणि देवनागरी मजकूर : एक चिकित्सा

टर्मिनल एम्युलेटरचे मूल्यमापन करताना ‘सर्व नियंत्रण-क्रमांना पूर्ण आधार’ हा निकष सर्रास वापरला जातो. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा मराठी मजकुराच्या संदर्भात करावयाची आहे. हा निकष चुकीचा नाही, परंतु ज्या यंत्रावरून तो आला त्या यंत्राच्या मर्यादाही त्याने सोबत आणल्या, असे माझे मत आहे.

नियंत्रण-क्रम म्हणजे मजकुराच्याच प्रवाहातून येणारी, पण स्वतः न उमटता पडद्याला हुकूम देणारी चिन्हमालिका होय. एस्केप (संकेतांक २७) व चौकटी कंस यांनी ती सुरू होते. पुढे ओळ व स्तंभ यांचे आकडे आणि अखेरीस ‘एच’ हे रोमन अक्षर आले की कर्सर त्या घरात जाऊन बसतो. ईसीएमए-४८ या प्रमाणकाची पहिली आवृत्ती १९७६ ची व पाचवी १९९१ ची. डेक कंपनीचे व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ साली आले. त्याचा पडदा ८० स्तंभ व २४ ओळींचा होता आणि एका घरात एक अक्षर ही त्याची मूळ धारणा होती. १९८४ साली सुरू झालेल्या एक्सटर्मपासून आजतागायत सर्व एम्युलेटर याच पडद्याचे अनुकरण करतात.

ईसीएमए-४८ मध्ये दीडशेहून अधिक नियंत्रण-कार्ये आहेत. ती सर्व अमलात आणण्याचा आग्रह व्यवहार्य नाही. त्यांतील अनेक छपाईयंत्रांसाठीच आहेत. येथे ‘ओळखणे’ आणि ‘अमलात आणणे’ यांत भेद केला पाहिजे. अनोळखी क्रमही अखेरच्या अक्षरापर्यंत वाचून निमूटपणे टाकून देता आला पाहिजे. अन्यथा त्याचे उरलेले तुकडे मजकुरात सांडतात. पॉल विल्यम्स यांनी डेकच्या टर्मिनलांसाठी मांडलेली अवस्था-आकृती याच कारणाने मोलाची ठरली. व्हीटीटेस्ट ही प्रचलित चाचणी मात्र डेकच्या यंत्रांची परीक्षा घेते. देवनागरीविषयी प्रश्न विचारण्याचे तिला कारणच नव्हते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांची नावे चौकटीच्या तक्त्यात छापून पाहिल्यास अडचण कोठे आहे ते ध्यानात येते. ‘वसई’ निमूट बसते. ‘जव्हार’ बसत नाही. यूटीएफ-८ मध्ये या शब्दाचे बाइट १८ होतात आणि सी भाषेतील छपाईचे नेहमीचे फंक्शन स्तंभाची रुंदी मोजताना तेच धरते. संकेतांक मोजले तर ते सहा आहेत. मार्कुस कून यांच्या रुंदी-गणनेनुसार हलन्ताला शून्य व कान्याला एक घर मिळून पाच घरे होतात. युनिकोडच्या जुन्या अक्षरसमूह-नियमाने ज, व्, हा, र असे चार समूह पडतात. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर अखंड धरले गेल्याने तीनच उरतात. एका शब्दाची ही पाच मापे! छापणारी आज्ञावली एक माप धरते, एम्युलेटर दुसरे, आणि तक्त्याची उजवी कड वेडीवाकडी होते. कर्सर हलविणारा क्रम निर्दोष असतो. ज्या घराचा क्रमांक त्यात लिहिलेला असतो, तेच घर दोन्ही पक्षांना ठाऊक नसते. ‘विक्रमगड’मध्ये तर पहिली वेलांटी उच्चारात ‘व’नंतर व दर्शनात ‘व’आधी येते. बोईसर-तारापूर परिसरातील कारखान्यांची यादी मराठीत करू पाहणारा विद्यार्थी हा दोष लिपीच्या माथी मारतो आणि रोमन लिपीकडे वळतो. हे नुकसान क्षुल्लक नाही.

विशेष म्हणजे, ईसीएमए-४८ मध्येच ‘जीसीसी’ नावाचे एक कार्य आहे : दोन किंवा अधिक चिन्हे मिळून एकच आकृती दाखवावी, असा हुकूम देणारे. प्रचलित एम्युलेटरांत ते अडगळीत पडले आहे. मराठीला त्यातून तयार उपाय मिळाला असता असे मी म्हणत नाही. प्रत्येक आज्ञावलीने प्रत्येक जोडाक्षराभोवती हा क्रम गुंफावा, ही अपेक्षा अवास्तव ठरली असती. तथापि घरांची वाटणी ठरविण्याचा अधिकार मजकूर पाठविणाऱ्याकडे असू शकतो, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे.

आपल्याकडे याच प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला गेला. आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने अक्षरजुळणीचा भार कार्डावर टाकला, त्यामुळे डॉसवरील इंग्रजी आज्ञावलीही भारतीय लिप्यांत चालू लागल्या. इस्की (आयएस १३१९४ : १९९१) या प्रमाणकाने तर लिपी बदलण्याची खूण मजकुरातच ठेवली, म्हणजे तोही एक नियंत्रण-क्रमच. युनिकोडच्या स्वीकारानंतर हा अनुभव एम्युलेटर लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही, असे खेदाने नमूद करावे लागते.

अलीकडे काही एम्युलेटरांनी २०२७ क्रमांकाची अवस्था स्वीकारली आहे. तीत आज्ञावली व एम्युलेटर यांनी अक्षरसमूहानुसारच मोजावे असा करार होतो. पाऊल योग्य आहे, पण समूह कोणत्या युनिकोड आवृत्तीचा, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतो. शिवाय ‘व्हा’ या समूहाला एकच घर दिल्यास तो चेपला जातो किंवा शेजारच्या ‘र’वर चढतो. तेव्हा पूर्णतेच्या चाचणीत आठ तालुक्यांची नावे, बोईसर व तारापूर यांसह, चौकटीत छापून उजवी कड तपासण्याची एक पायरी जोडावी. त्या चाचणीत ‘जव्हार’ला तीन घरे मिळाली की पाच, हे दुय्यम आहे, दोन्ही बाजूंनी आकडा एकच धरला आणि अक्षर वाचता आले, म्हणजे चाचणी उत्तीर्ण झाली असे समजावे.