कार्ल्याला घुमट नाही

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे मराठीत वर्णन करताना घुमट हा शब्द बहुधा दोन ठिकाणी येतो. एकदा स्तूपासाठी, 'घुमटाकार स्तूप' असा. आणि एकदा वरच्या छतासाठी, 'घुमटाकृती छत' असा. सहलीची माहितीपत्रके, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, लेण्यात गट घेऊन येणाऱ्यांची तोंडपाठ वाक्ये, सगळीकडे हीच जोडी भेटते. एकाच दालनातल्या या दोन गोष्टी. एक भरीव दगडाची, दुसरी दगड कोरून काढल्यावर उरलेली पोकळी. दोघींना एकच शब्द लावताना कुणाला अडखळायला होत नाही याचे मला बरीच वर्षे नवल वाटत आले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की हा शब्द दोन्ही जागी चुकीचा आहे, आणि त्याने होणारे नुकसान केवळ शब्दकोशातले नाही.

आधी शब्द पाहू. वास्तूसाठीचा घुमट हा फारसी 'गुंबद'चा मराठी अवतार. मराठीत येताना 'ग'चा 'घ' झाला आणि शब्द आपोआप घुमण्याच्या शेजारी येऊन बसला. पारवा घुमतो, विहिरीत हाक घुमते, अंगात आले की माणूस घुमू लागतो. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला गेलेल्याला हे शेवटचे घुमणे वेगळे सांगायला नको. गोव्यात घुमट नावाचे वाद्यच आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे, त्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकरीचे कातडे वापरले जाते. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान्यता दिली. वाद्याचा घुमट आणि वास्तूचा घुमट यांची कुळे वेगळी धरली, तरी मराठी कानाने दोघांना एका घरात नांदवले आहे, आणि ते घर आहे पोकळीचे. आत रिकामे नसेल तर घुमणार काय? समाधीवरची इवलीशी घुमटीसुद्धा आतून पोकळ असते.

विजापूरचा गोलघुमट हे याचे सगळ्यांत मोठे उदाहरण. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. सज्जाच्या एका बाजूला केलेली कुजबुज समोरच्या भिंतीशी ऐकू येते, ती आतल्या पोकळीमुळे. तिचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबीही सुमारे १२४ फूटच आहे. हा निव्वळ योगायोग, पण कामाचा. तेवढेच अंतर दोन्हीकडे डोक्यावर छत धरून पार केलेले आहे. विजापूरच्या कारागिरांना त्यासाठी घुमटाचा बाहेर फाकणारा भार एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर घेऊन खाली जाड भिंतींवर उतरवावा लागला. कार्ल्यात असा भार कुणी कुठे उतरवलेलाच नाही. तिथे काही बांधलेच नाही. डोंगर आतून काढून टाकला आहे. छत पडू नये म्हणून खांब लागतात ही गोष्ट तिथे मुळात नाही. खांब आहेत ते सोडलेले आहेत.

इथे एक शंका वाटेतच मिटवायला हवी. घुमट शब्द फारसी, म्हणून तो बौद्ध लेण्याला नको, असे माझे म्हणणे नाही. भाषाशुद्धीच्या त्या वाटेला मी जात नाही. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन पुढे शुद्धीचे कैवारी झाले, हा मराठीतला एक मजेचा विरोधाभास आहे, पण तो इथला विषय नव्हे. रायगडावरच्या जगदीश्वराच्या मंदिरावर घुमट आहे आणि त्याला घुमट म्हणण्यात कमीपणा नाही. फार कशाला, आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या तुळजा लेण्यांत एक चैत्य वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि स्तूपाच्या वर कोरलेला खरा घुमट. ते लेणे खोदणाऱ्यांना हा शब्द ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी तिथे तो चपखल बसतो, कारण आकार तो आहे. शब्दाचे वय बघू नये, माप बघावे.

त्या मापाने कार्ल्याचा स्तूप पाहा. खाली दोन थरांचे गोल जोते, त्यांच्या काठाने कोरलेली वेदिका, वर अर्धगोल, त्यावर चौकोनी हर्मिका, पायऱ्यापायऱ्यांनी रुंदावत जाणारा माथा आणि सर्वांत वर लाकडी छत्र. हे छत्र खालच्या बाजूने कोरलेले आहे, पण मान बरीच मागे टाकल्याखेरीज दिसत नाही. यातल्या अर्धगोलाला आपल्या परंपरेत नाव आहे: अंड. अंड भरीव असते. त्याला आत नाही, दार नाही, त्यात कुणी शिरत नाही. त्याच्याशी माणसाचा संबंध एकच, भोवती फिरण्याचा. म्हणून तर दोन्ही बाजूंचे खांब स्तूपाच्या मागून वळून एकमेकांना मिळतात आणि मागचे सात नुसते अष्टकोनी, कसलेही शिल्प नसलेले आहेत. ती वाट थांबून पाहण्याची नाही, चालण्याची आहे. घुमट म्हटले की मन आत जाते. अंड म्हटले की पाय बाहेरून वळतात.

इंग्रज अभ्यासकांनी या स्तूपाला दागोबा म्हटले. शब्द सिंहली, 'धातुगर्भ'पासून आलेला. तो मराठीत आला तेव्हा विठोबा-खंडोबाच्या रांगेत इतका सहज बसला, की जुन्या लेखनात तो वाचताना हा कुठला ग्रामदेव असे वाटावे. चुकीच्या शब्दांत मला हा त्यातल्या त्यात बरा वाटतो. निदान तो पूज्य वस्तूला पूज्य वस्तू म्हणतो. फर्ग्युसनने तर आखणी आणि मापे यांसाठी कार्ल्याची तुलना इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथीड्रलच्या एका भागाशी केली. त्याच्या वाचकांना ते सोयीचे होते. त्याच्यासमोर जे चर्च होते तेच आपल्यासमोर घुमट होऊन आले. पाहायचे राहिले ते राहिलेच.

आता छत. हे अधिक महत्त्वाचे, कारण नुकसान इथे जास्त आहे. कार्ल्याचे छत उभे चिरलेल्या पिंपासारखे लांबट आहे. स्तूपाच्या मागे ते गोल वळते, तेवढ्या टोकाला फार तर अर्धा घुमट म्हणता येईल. पण या छताचे वैशिष्ट्य आकार नव्हेच. वैशिष्ट्य आहे त्याला आतून लावलेल्या सागवानी फासळ्या. जवळपास दोन हजार वर्षे त्या तिथे आहेत. दगडाच्या छताला त्यांची काडीची गरज नाही. मग त्या का लावल्या? कारण असे दालन पूर्वी लाकडाचे असे, आणि लाकडाच्या दालनात छत फासळ्यांवरच उभे राही. पलीकडे भाज्याला जा. तिथले खांब आत कललेले आहेत, कारण लाकडी इमारतीत बाहेर फाकणारा जोर रोखायला ते तसे कलते ठेवीत. तिथल्या लाकडांवर ब्राह्मी अक्षरेही सापडली आहेत. डोंगर कोरणाऱ्यांना दगड कळत होता, पण पवित्र जागा म्हणजे लाकडाचे घर ही सवय सुटत नव्हती. 'घुमटाकृती' म्हटले की वाचक गवंडीकाम डोळ्यांपुढे आणतो आणि लाकूड पाहायचेच राहून जाते. लग्नसराईत लोणावळ्याकडे जे फासळ्यांचे लांबट मंडप उभारतात, त्यांना हल्ली सर्रास डोम म्हणतात. तेही डोम नव्हेत. पण कार्ल्याच्या छताची आठवण गोलघुमटापेक्षा ते मंडपच अधिक करून देतात!

ज्यांनी हे केले त्यांनी याला काय म्हटले, हे दर्शनी भागातच कोरलेले आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपल्या लेखात 'सेलघर' हा शब्द वापरतो. शैलगृह, दगडी घर. आणि जंबुद्वीपात उत्तम असे, हा त्याचा दावा. दुसऱ्या लेखांत इथल्या भिक्खूंना वलुरकाचे लेणवासी म्हटले आहे. घर आणि लेणे हे दोन्ही शब्द आपण आजही रोज बोलतो. याहून जवळचा पुरावा कुठला हवा?

आणि गंमत अशी की डोम हा युरोपीय शब्दही मुळात घरच आहे. लॅटिन 'दोमुस' म्हणजे घर. त्यातून देवाचे घर, त्यातून इटलीतले 'दुओमो', म्हणजे कॅथीड्रल, आणि मग त्यावरचे गोल छत. जर्मनमध्ये 'डोम' अजूनही कॅथीड्रलच, छत नव्हे. याच धातुकुळातला वैदिक शब्द 'दम', म्हणजे घर. त्यावरून दंपती, घराचे धनी. कार्ल्याच्या दाराशी, ओसरीच्या भिंतीवर, भरल्या अंगाची स्त्री-पुरुषांची जोडशिल्पे उभी आहेत. त्यांना मराठी लेखक दंपतीच म्हणतात. म्हणजे डोमचा खरा नातेवाईक कार्ल्यात आहे, पण तो छताला नसून दाराशी आहे.

घुमट शब्द जिथे खरोखर लागू पडतो असे स्तूपही महाराष्ट्रात आहेत, आणि ते आपल्या काळातले आहेत. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप २००१ साली खुला झाला. शिवदान मल यांनी आखलेली ती १२० फूट उंचीची वास्तू आतून पोकळ आहे आणि लोक तिच्या आत जातात. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ साली लोकार्पण झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही, आतला व्यास सुमारे २८० फूट, आणि बुद्धधातू ठेवले आहेत ते घुमटाच्या मध्यशिळेत, बसणाऱ्यांच्या डोक्यावर. हा केवढा पालट आहे. ज्याच्याभोवती फिरायचे, त्याच्या आत आता हजारो माणसे बसतात. बांधणीशास्त्रापलीकडचे काहीतरी इथे बदलले आहे: अंड पोकळ झाले आणि प्रदक्षिणेच्या जागी सभा आली. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या बाहेर ठेवले, त्याने आपल्या स्तूपाला आत जाण्याची जागा करावी, याचा अर्थ लावायला फार दूर जावे लागत नाही. पण कार्ल्याच्या भरीव अंडालाही घुमट आणि नागपूरच्या पोकळ स्तूपालाही घुमट म्हणत राहिलो, तर हा पालट भाषेत दिसणारच नाही.

तेव्हा पुढच्या माहितीफलकासाठी किंवा पाठ्यपुस्तकासाठी सुचवणे असे: स्तूपाला भरीव अंड म्हणावे, छताला लाकडी फासळ्यांचे कमानी छत म्हणावे आणि भूतपालाचा सेलघर हा शब्द ठळक लिहावा. घुमट तुळजा लेण्यांसाठी राखून ठेवावा. लेण्यात मुलांना माहिती सांगणाऱ्या एका गृहस्थांना हे बोललो, तेव्हा त्यांनी अडचण सांगितली: अंड म्हटले की पोरे हसतात, म्हणून घुमट सांगतो. हसू द्यावे. हसणारे पोर निदान त्या दगडाकडे दुसऱ्यांदा बघते.