पिवळ्या बटणामागचं

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या संकेतस्थळावरचं डाउनलोडचं पान मन लावून वाचण्यासारखं आहे, असं जुन्या जालन्यातल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासात म्हटलं तर पोरं हसतील. निळी पार्श्वभूमी, ठसठशीत पिवळं बटण. दाबलं की झालं. त्यात वाचायचं काय? तर नेमकं हे ‘दाबलं की झालं’च.

विंडोजवर विंडोजचं बटण दिसतं, मॅकवर मॅकचं. पानाचा सोर्स उघडला की खरी गंमत कळते. सगळ्या प्रणालींची बटणं तिथे आधीपासूनच हजर असतात, फक्त झाकलेली. ब्राउझरने दिलेल्या ओळखीवरून एक छोटी स्क्रिप्ट त्यांतलं एकच उघडं करते. ओळख पटलीच नाही तर त्याचीही सोय वेगळी करून ठेवलेली.

पण मला जास्त भावतं ते या बटणाचं एकटेपण. पूर्वी इथे शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक ३ चं आणि एक २.७ चं. खाली दुवा: कोणतं घ्यावं कळत नसेल तर दोन्हींतला फरक वाचा. ज्याला अजून एक ओळ लिहिता येत नाही, त्याने आधी हा वाद सोडवायचा! ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये, जुन्या कोडशी फारकत घेऊन. २.७ ला २०१५ मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं. लोकांचा जुना कोड जागचा हलेना, म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. दुसरं बटण पुसणं डिझायनरच्या हातात नव्हतंच. नुसत्या गोंडस पानांचं मला कौतुक नाही. हा साधेपणा कमावलेला आहे.

शेजारी आर ही भाषा जिथून उतरवून घेतात ते क्रॅन ठेवून बघा. आधी मिरर, म्हणजे त्याच साठ्याची जवळची प्रत, निवडा, मग प्रणाली, मग विंडोजवर असाल तर ‘बेस’. जाणत्याला ठीक, नवख्याला चकवा.

पायथनने मात्र तपशील फेकून दिलेला नाही, खाली नेला आहे. कोणत्या आवृत्तीला कधीपर्यंत आधार, याचा तक्ता तिथे आहे. आत प्रत्येक फाइलपुढे पडताळणीची अक्षरं आहेत. जालना बियाण्यांचं गाव. पिशवीचं सील बघितल्याशिवाय इथला शेतकरी पैसे काढत नाही. त्याला या अक्षरांचं प्रयोजन पटकन कळेल.

एक गोष्ट मात्र खटकते. बटणाला विंडोज कळतं, त्याचं वय कळत नाही. विंडोज ७ वर ३.९ पासून पुढचं पायथन चालत नाही, तिथे ३.८ वरच थांबावं लागतं. तशी सूचना आहे, पण आतल्या विंडोजच्या यादीत, त्या त्या आवृत्तीखाली. ज्याचं यंत्र जुनं, तो पिवळं बटण दाबून मोकळा होतो आणि ती यादी कधी उघडतच नाही. तेवढी एक ओळ बटणाखाली आणली असती तर पानाचं काय बिघडलं असतं?